अंगणातल्या मोरीचा दगड

तपासणीसाठी मोरीत ओतलेला लाल रंग गल्लीच्या टोकाला, पावसाच्या नव्या नालीत निघाला, तेव्हा भैय्यालाल मिस्त्री तिथूनच ओरडला, "दाई, ये तो तोरेच घर के पानी आय!"

नालीवर वाकलेल्या बायांमधून शेजारची विनोदिनी हसली. "पाहा वं बाई! साऱ्या गुढियारी वस्तीसाठी नाली मागत फिरली, आन् पहिला रंग हिच्याच घरचा!"

दारात उभी असलेली कलावती, साऱ्या गल्लीची दाई, म्हणजे आई, तीही हसली. पण ते हसू ओठांच्या आत गेलं नाही. रंग कुठून गेला हे तिला कोणी सांगायला नको होतं. अंगणात, उघड्या आभाळाखाली, तिची मोरी होती. त्या मोरीत अंघोळीचं पाणी पडे, भांड्यांचं पडे आणि पावसाळ्यात पाऊसही पडे.

ठेकेदाराकडची इंजिनीअर देवश्री अंगणात आली. चौबे कॉलनीतली मराठी घरची पोर. "आजी, मराठी समझती हूँ, बोलते नहीं बनता," ती संकोचून म्हणाली. "ये मोरी तोड़नी पड़ेगी। नहाने-धोने का पानी गटर में जाएगा, बारिश का तालाब में। आपके यहाँ दोनों मिल जाते हैं न।"

"मी तर केव्हाचा म्हणून राहिलो," कलावतीचा मुलगा राकेश म्हणाला. "आतमध्ये टाइल्सचं बाथरूम करून टाकू. तू काहून चूप झाली आई?"

"मी काय बोलू? मीच तर मागितलं होतं."

तेही खरंच होतं. पूर्वी साऱ्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, एकच नाली होती. संडासाचं, मोरीचं, पागोळ्यांचं, सगळं पाणी तिच्यातून तलावात जाई. मोठा पाऊस झाला की नाली तुंबे, आणि गेलेलं सगळं मोरीच्या तोंडातून उलटं अंगणात येई. कलावती तेव्हा तरुण होती. नवरा मारोती रेल्वेच्या गँगमध्ये, पावसाचे दिवस म्हणजे तो रुळांवरच. अशाच एका पावसात ते पाणी घराच्या उंबऱ्याला लागलं, आणि मागोमाग थोरल्या लेकीला, भावनाला, हगवण लागली. सहा वर्षांची पोट्टी. मारोती परत आला तोवर ती गेलेली होती.

तिला कलावतीने याच मोरीत, याच दगडावर शेवटची अंघोळ घातली. नव्या संसाराच्या पहिल्या महिन्यात मारोतीने हातगाडीवर घालून आणलेला तो काळा दगड. डोक्यावरून पाणी घालताना कलावतीचा डावा हात रोजच्या सवयीने पोरीच्या कपाळावर आडवा गेला, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून. पाणी भरून देणारी बाई हळूच म्हणाली, "बाई, आता नाही झोंबत तिले." कलावतीने हात काढला नाही.

पुढे सासू त्याच दगडावरून गेली. मारोतीही गेला. "मलेही इथंच अंघोळ घाला," असं ती राकेशला कितीदा म्हणाली होती. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि दर पावसाळ्यात, अंगणात वर आलेलं ते पाणी बाटलीत भरून ती वॉर्डाच्या ऑफिसात नेई आणि साहेबाच्या टेबलावर ठेवी. साहेब बदलत गेले, बाटली तीच. "बोतलवाली दाई आ गई," म्हणत शिपाई खिडक्या उघडायचा. लोक हसायचे. तीही हसायची, आणि पुढच्या पावसाळ्यात परत जायची.

आता नव्या लायनी आल्या होत्या. गटार वेगळं, पावसाची नाली वेगळी. आणि त्यांनी तिच्याकडे तेवढी मोरी मागितली होती.

दुसऱ्या सकाळी भैय्यालालने सब्बल, लोखंडी पहार, घातली. सिमेंट सहज निघालं. दगड मात्र जागचा हलेना. शेवटी राकेशने दुसऱ्या बाजूने जोर लावला. खाली ओली काळी माती आणि दगडाच्या मापाचा खड्डा.

"एला कहाँ फेंकँव दाई?"

"तलावाकडं टाकून दे भैया," राकेश म्हणाला.

"टाकू नको." कलावती पुढे झाली. छपराचं पाणी खाली आणणारा नवा पाइप अंगणाच्या कोपऱ्यात उतरला होता. "तिथं ठेव. पाइपाच्या तोंडाखाली."

मिस्त्री चहाला गेला. राकेश दगडाजवळ उकिडवा बसून राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "आई, एक बोलू? तू म्हणत होती ना... तसंच करीन मी. इथंच घालीन तुले. दगड तर आहेच."

कलावतीने पाइपापासून निघालेल्या उघड्या नालीकडे पाहिलं. "हे पाणी कुठं जाते?"

"तलावात."

"मग? माझं साबणाचं पाणी तलावात जाईन."

"एका बादलीनं काय होते आई? कोण पाहून राहिलं?"

"साऱ्या घरची एकएकच बादली होती राजा," कलावती म्हणाली. "भावनाच्या वेळी जे वर आलं ना, ते साऱ्यांच्या एकएका बादलीचंच होतं."

राकेशने दगडाला चिकटलेली ओली माती बोटाने खरवडली. ती त्याच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली.

"मले आतच घालजो. त्या टाइल्सवर. माझं पाणी गटारातच जाऊ दे."

राकेशने तोंड भिंतीकडे वळवलं. तिकडूनच त्याने विचारलं, "टाइल्स कोणत्या आणू?"

"घसरणाऱ्या नको आणू. मरायच्या आधीच पाडशीन मले."

काम संपलं तेव्हा देवश्री पुन्हा आली. नव्या, छताखालच्या मोरीत तिने लाल रंग ओतला. गल्लीच्या टोकाला बाया नालीवर वाकल्या. नाली कोरडी. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "बोतलवाली दाई, अब क्या ले जाओगी?" भैय्यालाल तिकडून हसत ओरडला.

"आजी, अब बारिश वाली लाइन देख लें? थोड़ा साफ पानी डाल दीजिए, उस पत्थर पर।"

कलावतीने पितळेचा गुंड, पाण्याचा घडा, भरून घेतला. भिंतीला धरून खाली बसली. गुंड दगडावर कलता केला. पाणी धार धरून पडलं, दगडावर पसरलं आणि नितळ, आपल्याच चालीने, नालीतून पुढे निघालं.

"आया! एकदम साफ!" गल्लीतून आवाज आला.

कलावतीला तो ऐकू गेला की नाही, कोण जाणे. उजव्या हातातला गुंड हळूहळू रिकामा होत होता, आणि तिचा डावा हात, वाकवलेल्या तळव्याने, दगडावर आडवा धरलेला होता.