पहिला घोट

जयसिंगरावांनी बाटलीचं झाकण फिरवलं आणि ब्रँडी काचेच्या ग्लासात ओतली. त्यांच्या थोरल्या भावाला, अप्पासाहेबांना, स्टीलच्या ग्लासातली कधी चालली नव्हती. भरलेला ग्लास त्यांनी अप्पासाहेबांच्या फोटोपुढे, केळीच्या पानावर, वडे आणि मटणाच्या शेजारी ठेवला. महालय अमावास्येला पितरांना त्यांच्या आवडीचंच वाढायचं. कानडी मुलखात, चिकपेटच्या गल्लीतल्या या मराठा घरात त्याच्या जोडीला आणखी एक रीत होती. कापूर विझला की त्या ग्लासातला पहिला घोट थोरल्या मुलानं घ्यायचा. तोवर कुणी जेवायचं नाही.

अप्पासाहेबांचा थोरला मुलगा गिरीराज. पन्नाशीला टेकलेला, शिवाजीनगरात गाड्यांच्या सीटा शिवणारा. कापूर विझला तरी तो जागचा हलला नाही.

"घे," काकांनी ग्लास त्याच्यापुढे धरला.

"नको काका."

"अरे, स्वल्प घे. ओठाला लाव नि ठेव. सरी, चालेल ना?"

स्वल्प! या स्वल्पनंच तर त्याचं वाटोळं केलं होतं. लेकीच्या, सौम्याच्या, डोक्यावर हात ठेवून त्यानं दारू सोडली, दवाखान्यात सलाइन लावून सोडली, आणि दर वेळी कुणीतरी मायेनंच स्वल्प म्हणालं. गेल्या वर्षी याच घोटानंतर तो चार दिवस घरी परतला नव्हता. बायकोनं, स्मृतीनं, त्याला बसस्टँडामागून उचलून आणलं. या उन्हाळ्यात वर्कशॉपजवळच्या लहानशा चर्चमध्ये त्यानं बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून दारू बंद होती, आणि तेव्हापासूनच आईनं, सोयराबाईंनी, त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"सोडलीस ते उत्तम केलंस," काका म्हणाले. "आजचा दिवस पितरांचा. उद्या परत सोड की!"

सगळे हसले. स्मृती तेवढी पदर बोटाला गुंडाळत राहिली.

"मी सोडलेली नाही, काका," गिरीराज म्हणाला. "सोडणारा माणूस बाटलीलाच बांधलेला असतो, रोज तिच्याशी भांडत बसतो. मी आता येशूचा आहे. पिणारा गिरीराज त्या पाण्यात बुडाला तो वर आलाच नाही. तुम्ही ग्लास देताय तो माणूस इथं नाहीये."

"वा रे वा! नाव तेच, आडनाव तेच, नाकसुद्धा बापाचं. एका डुबकीनं रक्त बदलतं होय?"

"नाक राहू द्या बापाचं. तोंडात काय जाईल ते आता बाप ठरवणार नाही."

काकांचा चेहरा लालबुंद झाला.

"मग चालू लाग! बापाचा घोट नाकारणारा या घरात पंगतीला बसत नाही. आणि पुन्हा उंबराही चढायचा नाही. वहिनी, सांगा याला!"

ब्रँडीचा वास गिरीराजच्या नाकात शिरला आणि मेलं तोंडाला पाणी सुटलं. स्वतःचा असा संताप त्याला कधी आला नव्हता. मी येशूचा, तो मनाशी म्हणाला, आणि पाय रोवून उभा राहिला. आईनं जा म्हटलं असतं तर तो रडत रडत गेला असता, पण घोट घेतला नसता.

सोयराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी दिराच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि कुणाकडेही न बघता स्वयंपाकघरात गेल्या. मोरीत काहीतरी ओतल्याचा आवाज आला, मग नळाचा. त्या परत आल्या तेव्हा ग्लासात फिल्टरची कॉफी होती. ती त्यांनी पानावर ठेवली.

"वहिनी, हे काय! दादा काय म्हणतील?"

"चिडतील."

"मग?"

"चिडू देत. फोटोतून हात थोडाच बाहेर येतोय आता."

दादा पिऊन यायचे त्या काळी जयसिंगराव शेजारच्याच खोलीत राहत होते, भिंतीपलीकडचं सगळं त्यांना ऐकू येत असे. ते खाली बघत बसले.

सोयराबाई फोटोकडे पाठ करून पानाशी बसल्या. पुरुष जेवायचे होते, पितरांचं व्हायचं होतं, तरी त्यांनी वडा उचलला आणि खाल्ला. मग गिरीराजकडे बघितलं.

"उभा का? बस."

तो बसला. त्यानं पानाकडे बघितलं, मग आईकडे, आणि हात मांडीवरच ठेवले. कसं सांगावं ते त्याला कळेना.

"यातलं नको घेऊस," त्या म्हणाल्या. "तुमच्यात पितरांपुढचं चालत नाही म्हणे. सकाळीच तुझं वेगळं काढून ठेवलंय, ओट्यावर झाकून."