ओल्यात धरणारा डिंक

मित्रांनो, मी एक जुना डिंक आहे आणि आता जेमतेम चिमूटभर उरलो आहे. झाडाचा नव्हे, प्रयोगशाळेतला. समुद्रातल्या खडकाला शिंपले कसे घट्ट धरून बसतात, लाटांनी झोडपलं तरी हलत नाहीत, हे एका संशोधक बाईंनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि त्यांचा गुण उचलून मला घडवलं. कोरड्यात काय, कोणीही चिकटतं. मी ओल्यात, रक्तातसुद्धा धरतो. वाहतं रक्त थांबवणं हेच माझं काम.

पण कामाला लावणार कोण? ऑपरेशनच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये, अगदी मागच्या कोपऱ्यात माझी नळी पडून होती. दार उघडलं की मला आशा वाटायची. हात आत यायचा आणि शेजारची बाटली उचलून जायचा. "ते राहू दे, फारच अडलं तर काढू," मोठ्या सिस्टर म्हणायच्या. ज्याचा जन्मच चिकटण्यासाठी, त्याला चिकटायला कोणी नव्हतं. फार एकटं वाटायचं.

मग एक दिवस काचवाल्या काकांना आणलं. खिडकीला बसवताना काच फुटून त्यांच्या पोटात घुसली होती आणि यकृत चिरलं होतं. टाका घातला की ते मऊ यकृत दोऱ्याने आणखी फाटायचं. तेव्हा कुठे माझी आठवण झाली! डॉक्टरांनी मला हातात घेतलं आणि सवयीने म्हणाले, "आधी जागा कोरडी करा."

सिस्टर पुसत होत्या, रक्त पुन्हा भरत होतं. मी नळीत तडफडत होतो. अहो, मला ओलंच चालतं! पण डिंकाचं कोण ऐकतंय?

"सर, बीपी पडतंय," भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर थबकले. "थांबा, पुसू नका! हा ओल्यातच धरतो. साफ विसरलो मी."

त्यांनी मला जखमेवर पसरलं आणि बोटाने दाबलं. मी जिवाच्या आकांताने धरलं. थोड्या वेळाने बोट हळूच उचललं गेलं. रक्त थांबलं होतं.

सगळ्यांनी डॉक्टरांची पाठ थोपटली, पोट शिवलं आणि मी आत अंधारात राहिलो. काका घरी गेले. जखम भरत येते तसतसा मी विरघळत जातो. मी इथे आहे हे त्यांना ठाऊकही नाही.

काल काकांनी हट्टाने मोठी काच उचलली. जखम ताणली गेली. मी एवढासा उरलेलो, तरी सोडलं नाही.

"बाबा, ठेवा ती खाली! डॉक्टरांनी काय सांगितलंय?" लेक ओरडली.

"अगं, बरा झालोय मी. काही दुखत नाही आता."

"आधी खाली ठेवा!" तिने दुसरी बाजू धरून काच भिंतीला टेकवलीच.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी नुकतं बरं होऊन आलं असेल, तर त्या लेकीसारखे ओरडा. त्यांना जड उचलू देऊ नका. आत कोणीतरी एकटं धरून बसलेलं असतं आणि त्याला ओरडता येत नाही.