उचलून घेईपर्यंत

बोलक्या बाहुल्या बनवणाऱ्या त्या कंपनीला घरघर लागली होती. नाचणारी बाहुली आपटली, गोष्टी सांगणारी दुकानांतून परत आली. पगार लांबत चालले, तशा मालकाच्या कल्पनाही वाढत गेल्या. शेवटची मात्र अफलातून निघाली: खाली ठेवली की रडणारी आणि छातीशी धरेपर्यंत न थांबणारी बाहुली. पाठीत सेन्सर, पोटात स्पीकर. सगळं जमलं होतं, फक्त रडणं खोटं वाटत होतं.

आवाजाचं काम बघणारी बाई तिथे पहिल्यापासून होती. उचलल्यावर बाहुली हसते, त्या हसण्यासाठी खरं बाळ हवंय, असं मालकाने तिला सांगितलं. तिने भरवशाने वहिनीला तान्ह्या भाचीसकट स्टुडिओत बोलावलं. पोर थोडी हसली. मग वहिनी हात धुवायला बाहेर गेली आणि परक्या खोलीत पोरीने टाहो फोडला. आत्या उचलायला उठली, तर काचेपलीकडून मालकाने हात केला, राहू दे. ती परत बसली. पोर लालबुंद झाली, हुंदक्यात श्वास अडकायला लागला, तेव्हा कुठे तिने तिला उचललं. वहिनीला तिने एवढंच सांगितलं, की तुझ्यावाचून करमेना तिला.

बाहुली हातोहात खपली. थकलेले पगार झाले, बंद पडलेला मजला पुन्हा उघडला. मालकाने बाहुलीच्या आकाराचा केक मागवला आणि पोटातच सुरी खुपसली. मिशीला क्रीम लागलेल्या अवस्थेत तो म्हणाला, की रडं विकून आपण हसायला लागलो. सगळे हसले. आत्यानेही आपला तुकडा संपवला. तो सुखाने घशाखाली उतरला, याची तिला शिसारी आली.

त्याच आठवड्यात वहिनी दारात उभी राहिली. मागे भाऊ, मान खाली घालून.

"दुकानात फळीवरची बाहुली रडायला लागली आणि मला पान्हा फुटला," वहिनी म्हणाली. "चारचौघांत कपडे ओले झाले. पोर तर घरी झोपलेली. आधी वाटलं, वेड लागलं मला. मग आवाज ओळखला. किती वेळ रडवलंस तिला?"

भाऊ पुटपुटला, की सगळी पोरं सारखीच रडतात. चपलेला चिकटलेल्या घाणीकडे पाहावं तसं वहिनीने त्याच्याकडे पाहिलं आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या मालकाकडे गेली आणि आवाज बदला म्हणाली. तो दात कोरत होता. त्याने समजावणीच्या सुरात सांगितलं, की बरेच आवाज लावून पाहिले, पण याच आवाजाला मुली भरल्या ताटावरून उठतात. याला हात लावणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. मग काडी टेबलावर ठेवून तो पुढे वाकला.

"पुढची बाहुली आजारी पडणारी काढतोय. तापातलं कण्हणं हवंय. बाळाला बरं नसलं की कळव मला, माणूस घरी पाठवतो."

त्याच्या आवाजात जराही दुष्टपणा नव्हता. दूधवाल्याला उद्या जास्त दूध सांगावं, तसा तो बोलत होता. त्या दिवशी स्टुडिओत याच माणसाच्या इशाऱ्यावर आपण खाली बसलो होतो, हे आठवून तिला स्वतःच्या अंगाची घाण वाटली. तिने नोकरी सोडली. सोबतचे म्हणाले, लक्ष्मी घरात आली आणि ही पाठ फिरवते.

कंपनीचं तिच्यावाचून काही अडलं नाही. आजारी बाहुलीही आली आणि पहिलीपेक्षा जोरात चालली. ते कण्हणं कोणाच्या पोरीचं, हे विचारायला ती गेली नाही.

भावाकडे ती अजून जाते. वहिनी चहा करते, चार गोष्टी बोलते. आतल्या खोलीत पोर जागी झाली, की उठून जाते आणि जाताना दार लावून घेते.