आईने वाचवलेलं पोर

दुपारी साडेतीनला सिनेमा सुरू झाला आणि शेजारची खुर्ची रिकामीच राहिली. तिकीट तिने दादाला आठवड्यापूर्वीच पाठवलं होतं.

आईला शेवटच्या दिवसांत घरी ठेवायचं की दवाखान्यात, यावरून बहीणभावांत जे फाटलं ते वर्ष उलटलं तरी सांधलं गेलं नव्हतं. पण सिनेमा त्या जुन्या इंग्रजी कादंबरीवर होता, जी आई लहानपणी दोघांना मराठीत करून मोठ्याने ऐकवायची. निदान त्यासाठी तरी तो येईल, असं तिला वाटलं होतं. चष्म्याचं दुकान ती एकटीच चालवायची, घरीही एकटीच असायची.

कादंबरीत एक अनाथ पोर तापाने मरतं. आई ती पानं गाळायची आणि त्याला घड्याळजीकडे कामाला लावून द्यायची. पुढे मोठेपणी लेकीने स्वतः पुस्तक वाचलं तेव्हा तिला खरं कळलं. दादाने वाचलंच नाही. त्याच्या लेखी ते पोर अजून घड्याळं दुरुस्त करत होतं.

सिनेमात ते पोरच नव्हतं. झगे, झुंबरं, घोडागाड्या, आणि उठसूट धुक्यात धावणारी नायिका. नाव मोठं, लक्षण खोटं. पोर मेलंही नाही नि जगलंही नाही. हे सांगावं असा माणूस जगात एकच होता.

बाहेर येऊन तिने फोन लावला. वहिनीने उचलला.

"अगं, ते कालच बघून आले. एकटेच."

"आणि माझं तिकीट?"

"फ्रिजवर, चुंबकाखाली. शेजारी बसायचं म्हणजे आधी बोलावं लागेल ना! तुझाच दादा तो."

"आवडला का?"

"कसला! आल्यापासून धुमसतायत. घड्याळजीचा पोऱ्या कुठे गेला, हे मला विचारतात. मी काय त्याला पदराखाली लपवलाय? आता म्हणे मूळ पुस्तकच वाचणार."

पुस्तक तिच्याकडे होतं. नाही म्हटलं तर दादा यायचा नाही. दिलं तर आईने वाचवलेलं पोर त्याच्या हातात मरणार.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "दुकानातून घेऊन जा म्हणावं."

पलीकडे कुजबुज झाली. "उद्या बघतो म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी तिने दुकान लवकर उघडलं. पुस्तक काउंटरवर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. एका आजोबांना जवळच्याऐवजी लांबचा चष्मा दिला.

"बाई, मला पेपर वाचायचाय," ते म्हणाले, "चंद्र नाही बघायचा."

दहाला वहिनीचा फोन आला. "पोचले का गं? केव्हाचे निघालेत."

दादाचं घर चालत वीस मिनिटांवर. दुपारी एकपर्यंत तो आलेला नव्हता. त्याचा फोन वाजत होता, पण तो उचलत नव्हता. दारात येऊन तिने पुन्हा लावला तेव्हा रिंग समोरच्या बसथांब्यावरून ऐकू आली; दुकानाकडे पाठ करून दादा तिथे बसला होता, आणि ती पुस्तक घेऊन रस्ता ओलांडू लागली.