कच्चा दोरा

"नुसतं कापून द्या हो. टाके माझे मी घालीन."

हा आवाज शेवटचा ऐकला त्याला सहा वर्षं झाली. त्यांचा सण आठवड्यावर आला की ती माझ्या शिवणाच्या दुकानात यायची आणि लेकीच्या फ्रॉकचं कापड फळीवर पसरायची. मी चिडवायची, "म्हणजे माझ्या पोटावर पाय!" ती हसायची. "सणाचा कपडा आईच्या हातचा हवा. खूळ आहे आपलं एक."

शेवटचा फ्रॉक तिनं वाढत्या अंगाचा कापून घेतला, आणि तो पुरा व्हायच्या आत ती गेली.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं, त्या अबोल घड्याळजीनं, माझ्यासारख्या एकटीशी संसार मांडला. त्याची थोरली, माझी धाकटी. धर्म दोन, भिंतीवरचा खिळा एक. त्याच्यावर दोघांच्या दिनदर्शिका एकीवर एक. धाकटी म्हणाली, "सण दोन म्हणजे गोड दोनदा! पण डोक्यावरून अंघोळ एकदाच हं."

थोरली हसली नाही. मला ती मावशी म्हणायची, तेही अडखळत.

तिचा सण आला. कपाट आवरताना तळाशी तो फ्रॉक सापडला. सगळा मशीनवर शिवून झालेला, फक्त घेराची दुमड, हातानं घालायची म्हणून, पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं धरून ठेवलेली. पोरीला सकाळी नवं काही मिळावं, एवढंच मनात धरून मी रात्रीच दुमडीला बारीक पक्के टाके घातले. पक्का टाका पडला की कच्चा दोरा ओढायचा, ही माझ्या हातांची जन्माची सवय. हातांनी मला विचारलंच नाही. चिंध्यांबरोबर तो दोराही केरात गेला.

सकाळी थोरलीनं फ्रॉक घातला. घेर उलटा करून दुमडीवरून अंगठा फिरवला, आणि पहिल्यांदाच आपणहून माझ्याजवळ आली.

"मावशी, आईनं पुरा केला होता बघ. किती बारीक टाके!"

तेव्हा कुठं मला कळलं, मी काय झाडून टाकलं ते. 

"हो गं," मी म्हणाले. "बारीक आहेत."

त्या एका 'हो'नं घर सुरळीत चाललं. फ्रॉक आखूड झाला तेव्हा तो तिच्या उशाखाली गेला. दुमडीवर बोट ठेवलं की तिला झोप लागायची. मला लागायची नाही.

आज आमचा सण. मी धाकटीची वेणी घालत होते. थोरली फ्रॉक घेऊन आली आणि तिनं तो धाकटीच्या अंगाला लावून पाहिला.

"मला?" धाकटी डोळे विस्फारून म्हणाली. "तुझ्या आईचा?"

"तुझाही सण आहे ना, ठमाबाई? घाल. सांडलंस काही तर कान उपटीन."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, लांब होतोय तिला. कमरेत चुणी घेशील? खाली मात्र हात लावू नकोस हं. हातचे टाके तेवढेच आहेत तिचे."

तिनं सुई ओवून माझ्या हातात दिली. चार वर्षं जपलेलं धन ती माझ्या लेकीच्या अंगावर घालत होती, आणि ते धन खोटं होतं.

मी सुई खाली ठेवली.

"बाळा, ते टाके माझे आहेत," मी म्हणाले. "तिचा कच्चा दोरा होता. मीच उसवला. केरात गेला गं."