दुसऱ्यांच्या प्रार्थनेवर धरलेलं भिंग

आपण मानत नाही अशा देवाची प्रार्थना तुम्ही कधी कुणासाठी मोठ्याने वाचली आहे का? मी एका बाईला ती वर्षभर वाचताना पाहिलं आहे. पाहिलं म्हणजे काय, ती माझ्यातूनच वाचायची. मी एक भिंग बोलतोय. काळी मूठ, पितळेची कड आणि मधे मी, हाताच्या तळव्याएवढा.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारा कारागीर मला दिवसभर ओल्या पुडीवर घासत होता. घासून झालं की मला उजेडाकडे धरायचा आणि मान हलवायचा. मला वाटायचं, आता हा खूश झाला. तेवढ्यात पुन्हा घासायला घ्यायचा. शेवटी त्याने माझ्यातून स्वतःचं नख बघितलं आणि म्हणाला, "जा आता."

मला या घरातल्या आजोबांनी विकत घेतलं. ते जमीन मोजणीच्या कचेरीत होते. नकाशावरच्या बारीक रेघा माझ्यातून बघायचे आणि कुणाची हद्द कुठे संपते ते सांगायचे. त्यांचा मुलगा लहान असताना मला गच्चीवर नेऊन वर्तमानपत्राला भोकं पाडायचा. एकदा त्याने स्वतःच्या चपलेलाच भोक पाडलं आणि मग मार खाल्ला. माणसांचं मला नवल वाटतं. एकाच वस्तूने एक जण हद्द शोधतो, दुसरा आग लावतो.

आजोबा गेले. मग मी काही वर्षं खणात पडून होतो, गंजलेल्या टाचण्या आणि बंद पडलेल्या पेनांच्या शेजारी. बाहेर काय चाललंय ते कळायचं नाही, याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

खणातून मला आजींनी काढलं, त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकासाठी. ते पुस्तक त्यांच्या आईचं, अक्षरं मुंगीएवढी. पण आजींच्या डोळ्यांत मधोमध काळा ठिपका होता आणि तो वाढत गेला. एक दिवस मला त्या पानावर वर-खाली करत राहिल्या, मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "भिंगाचा काही दोष नाही." मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर घरात ताई आली. आजींना आंघोळ घालायला, भरवायला, हात धरून व्हरांड्यात फिरवायला. मुलाचं औषधांचं दुकान, सूनबाई शाळेत शिकवायच्या, दिवसभर आजींजवळ कुणी नसायचं. ताई चाळिशीची असेल. ती ख्रिस्ती होती, घर दुसऱ्या धर्माचं. हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि पहिल्या दिवसापासून कुणी त्यावर बोलत नव्हतं. अपवाद आजींचा.

दुपारी ताई डबा उघडायची आणि डोळे मिटून बसायची.

"जेवण गार होईपर्यंत काय बोलतेस गं त्याच्याशी?" आजी विचारायच्या.

"आभार मानते."

"पहाटे उठून डबा तू केलास, आणि आभार त्याचे?"

"मीठ-मिरची माझी, आजी. बाकीचं त्याचं."

आजींना हे उत्तर आवडलं. त्यांनी ते सूनबाईंना ऐकवलं आणि मुलालाही ऐकवलं. मुलगा नुसता "हं" म्हणाला. त्याला घरात सगळे दादाच म्हणायचे, ताईसुद्धा.

एक दिवस आजींनी मला ताईच्या हातात दिलं. "माझं पुस्तक वाचून दाखवशील? रोज एक पान."

ताईचा हात थांबला. मी तिच्या अंगठ्याच्या अगदी जवळ होतो, म्हणून मला कळलं.

"एक दिवस द्या आजी. विचारून सांगते."

"कुणाला? नवऱ्याला?"

"नाही. देवाला."

"बरं, विचार. माझ्या देवाची हरकत नाही म्हणून सांग त्याला."

दुसऱ्या दिवशी ताई आली, हात धुतले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. "वाचते. पण आजी, आधीच सांगते. डोळे माझे, मन तुमचं. ही प्रार्थना तुमची आहे, माझी मी घरी करते. चालेल?"

"माझं मन अजून शाबूत आहे," आजी म्हणाल्या. "डोळ्यांचंच अडलंय."

अशी सुरुवात झाली. मी एका वेळी दोन-तीन शब्दच मोठे करू शकतो, त्यामुळे प्रार्थनेचा पूर्ण अर्थ मला कधी लागला नाही. मला उत्सुकता होती ती मला धरणाऱ्या बाईची. तिला हे सगळं पटत नसणार, मग इतकं सावकाश का वाचते? पण माझी अडचण अशी की, समोर धरलेलं मला मोठं दिसतं, धरणाऱ्याच्या मनातलं मात्र दिसत नाही.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. पान संपलं. आजी हात जोडून गप्प होत्या. आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, "आमेन."

ती एकदम ओशाळली. "चुकलं आजी. सवयीने आलं."

"म्हणजे काय गं त्याचा अर्थ?"

"तसंच होवो."

"मग त्यात चुकलं काय? आमच्यात शेवटी काही म्हणत नाहीत. प्रार्थना आपली उघडीच राहते. वर झाकण असलेलं बरं."

दोघी हसल्या. पुढे ताई जिभेला आवर घालायची, पण आजींना झाकणाची सवय लागली. रोज पान संपलं की त्याच म्हणायच्या. हे घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. दोघींनाही ते कुणाला सांगायचं सुचलं नाही. पुढे जे झालं ते इथूनच.

आजोबांना जाऊन दहा वर्षं झाली त्या शुक्रवारी नातेवाईक जमले. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. दादाने घरची प्रार्थना म्हटली, तोंडपाठ, न अडखळता. ती संपली. सगळे माना खाली घालून गप्प. आणि त्या शांततेत आजी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन."

मी आजींच्या मांडीवर, पुस्तकावर होतो. खुर्च्या करकरल्या.

"वहिनी!" आजींची नणंद म्हणाली. "हे काय नवीन?"

"अगं, झाकण," आजी म्हणाल्या. त्यामुळे आणखीनच गोंधळ झाला.

दादाच्या या आत्याबाईंनी भाच्याकडे पाहिलं. "आई आंधळी झाली म्हणून तू पण व्हायचं का? घरात कुणाला आणून ठेवलंयस, बघ जरा."

पाहुणे गेल्यावर दादा आजींच्या खोलीत आला. ताई औषधाचा पेला विसळत होती.

"तू शिकवलंस हे आईला?"

"शिकवलं नाही दादा. पण माझ्याकडूनच गेलं त्यांच्याकडे. चूक माझी आहे."

"अरे, ती बिचारी तर..." आजींनी सुरुवात केली.

"आई, तू थांब. ताई, एक खरं सांग. तू आमच्यासाठी तुझ्या देवाजवळ प्रार्थना करतेस?"

नाही म्हणाली असती तर तिथेच मिटलं असतं. मला उचलून ती फडक्याने पुसायला लागली. स्वच्छच होतो मी.

"हो. रोज करते. आजींसाठी, वहिनींसाठी, तुमच्यासाठी पण."

"आम्ही सांगितलं होतं?"

"नाही."

"आईने तुझ्या धर्मात यावं म्हणून?"

ताईने पुसायचं थांबवलं. "येशूकडून मला जे मिळालं ते माझ्या माणसांना मिळावं असं वाटतं दादा. खोटं कशाला बोलू? पण ते आजींच्या गळी उतरवायला मी इथे येत नाही. त्यांनी विचारलं तर सांगते. नाही विचारलं तर भात भरवते."

"उद्यापासून येऊ नकोस."

ताईने मला पुस्तकावर ठेवलं. आजींच्या पायांवर पांघरूण नीट केलं आणि हळूच म्हणाली, "पाणी उजव्या हाताला आहे, आजी." मग ती गेली. आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या. रात्री जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दादा दुपारी दुकानातून लवकर आला. "चल आई, मी वाचतो. त्यात काय एवढं?"

मला त्याने डोळ्याजवळ धरलं, मग पानाजवळ, मग पुन्हा डोळ्याजवळ. वर्तमानपत्राला भोकं पाडणारा हाच तो हात, आता केस पिकलेला. वाचायला लागला भरभर. पानाच्या मध्यावर आला, घड्याळात पाहिलं आणि मला घेऊन एकदम खाली घसरला, शेवटच्या ओळीवर.

"मधलं?" आजी म्हणाल्या.

"काय मधलं?"

"चार ओळी गाळल्यास."

दादा वरमला. "तुला पाठ आहे? मग वाचायला कुणी कशाला लागतं?"

"पाठ आहे, पण एकटीने म्हटलं की मी पण गाळते. तुझ्यासारखीच. तू माझाच ना?" आजी उठून बसल्या. "वर्षभरात तिने एक अक्षर गाळलं नाही. एकदा घसा बसला होता तिचा. म्हटलं, राहू दे आज. तर म्हणते, तुमच्या देवाशी तुम्ही बोलताय, मी मधेच फोन कसा ठेवू?"

दादाने पुस्तक जवळ ओढलं.

"वाच त्या चार ओळी."

त्याने मला वर नेलं. आता मला त्या पुन्हा दिसल्या. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या हातांसाठी त्या होत्या: त्यांना बळ दे, त्यांच्या घरी सुख दे, त्यांचं कष्टाचं देणं तू फेड. दादा दुसऱ्या ओळीला हळू झाला आणि तिसरीला थांबला.

"या ओळी आल्या की मी तिचा हात धरायचे," आजी म्हणाल्या. "ती लाजायची, पण वाचायची. म्हणजे वर्षभर मी तिच्यासाठी माझ्या देवाजवळ मागत होते. तिला विचारलं होतं का मी?"

"तसं नाही आई..."

"मग कसं? आणि तुझ्यासाठी ती मागते तर मागू दे की. तुझा स्वभाव बघता एका ठिकाणी सांगून भागायचं नाही."

दादाला हसू आलं, पण ते नीट बाहेर पडलं नाही. त्याने चौथी ओळ वाचली. मग मला पुस्तकावर ठेवून उठला.

हल्ली माझ्या कडेचा एक टवका उडालेला आहे आणि मूठ जरा डुगडुगते. पण ठेवायचं असलं तर मला पुस्तकावरच ठेवा, खणात नको. मला अजून बरंच बघायचं आहे. दोघींच्या प्रार्थना कुठे जाऊन पोचतात, ते मला कळलेलं नाही. तेवढं मोठं करून दाखवायची ताकद माझ्या काचेत नाही. त्या शनिवारी मला इतकंच ऐकू आलं की, दादाने स्वयंपाकघराकडे तोंड करून सूनबाईंना विचारलं, "अगं, ताई राहते कुठे, ठाऊक आहे तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ताईला आणायला गेला. रविवार होता, ती चर्चमध्ये होती. उपासना संपेपर्यंत तो बाहेर पायरीवर बसून राहिला आणि अकरा वाजता दोघं घरी आली.