राधाताईंचा पीळ आणि माझं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. आता लगेच कपाटं, पुस्तकं आणि ‘शांतता राखा’ची पाटी डोळ्यांसमोर आणू नका. माझ्यात एकही पुस्तक नाही. मी नोएडाच्या सेक्टर त्रेसष्टमधल्या एका छोट्या कंपनीच्या संगणकात राहते. विजेवर चालणारं कुठलंही यंत्र उघडलंत, तर आत एक हिरवा बोर्ड दिसतो आणि त्यावर बारीक बारीक भाग बसवलेले असतात. तो बोर्ड बनवण्याआधी त्याचं चित्र संगणकावर काढावं लागतं. त्या चित्रात लागणारे सगळे भाग माझ्याकडे असतात. कुठल्या भागाला किती पाय, कुठल्या पायाचं काम काय, दोन पायांत अंतर किती, हे मी जपून ठेवते. चित्र काढणाऱ्याने माझ्यातला भाग उचलायचा आणि आपल्या चित्रात ठेवायचा. तुमच्या घरी मसाल्याचा डबा असतो ना, तशीच मी. फक्त माझ्यात दोन हजार तीनशे वाट्या आहेत.

मला घडवलं भाऊसाहेबांनी. तेव्हा ते कंपनीतले सर्वांत जुने इंजिनिअर होते, आणि तितकेच चिकित्सक. बाजारातून आलेला प्रत्येक भाग ते मापून घेत. मग त्याचं खऱ्या आकाराचं चित्र कागदावर छापत आणि तो भाग त्या कागदावर ठेवून पाहत. पाय खुणांवर नेमके बसले, तरच त्याला माझ्यात जागा मिळे. केसाएवढा फरक पडला तरी सगळं पहिल्यापासून. लोक हसत. “भाऊसाहब, शादी करवा रहे हो क्या इसकी?” असं विचारत. भाऊसाहेब चष्म्यावरून नुसते बघत आणि पुन्हा मापायला लागत. अशा माणसाच्या हातून मी घडले, याचा मला आजही अभिमान आहे.

मग एक दिवस एका घाईच्या माणसाने आपल्या कामापुरते माझ्यातल्या एका भागाचे पाय लांबवले आणि कुणाला सांगितलं नाही. तोच भाग दुसऱ्याने आपल्या चित्रात घेतला. साठ बोर्ड बनून आले आणि साठच्या साठ भंगारात गेले. भाऊसाहेब त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला कुलूप घातलं. म्हणजे मला कुणीही पाहू शकेल, वापरू शकेल, पण पासवर्ड असल्याशिवाय माझ्यात काडीचाही बदल करू शकणार नाही.

खोटं कशाला बोलू? मला ते कुलूप फार आवडलं. अंगावर मूठभर मांस चढलं. इतर फायली बिचाऱ्या उघड्यावर पडलेल्या आणि मी बंदोबस्तात! दहा वर्षांपूर्वी भाऊसाहेब निवृत्त झाले तेव्हा तर माझा मान आणखीच वाढला. कंपनीचे मालक अंशुमन यांनी सगळ्यांना बजावलं, “भाऊसाहब की लायब्ररी को कोई हाथ नहीं लगाएगा।” माणूस घरी गेला, कुलूप मागे राहिलं. हळूहळू लोक मला वापरत कमी आणि भीत जास्त. सोवळ्यात बसलेल्या आजीसारखी माझी गत झाली. सगळे मान देतात, पण जवळ कुणी येत नाही.

आणि मित्रांनो, याच मानापायी मी चार वर्षं एक चूक पोटात घेऊन बसले होते.

झालं असं. माझ्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढा, तीन पायांचा एक भाग आहे. तो बनवणाऱ्या कारखान्याने त्याचं उत्पादन थांबवलं. दुसऱ्या कारखान्याचा भाग येऊ लागला. रंग तोच, आकार तोच, पण पहिल्या आणि तिसऱ्या पायाची कामं उलटी. खरं तर माझ्यातलं चित्र बदलायला हवं होतं. पण मला तर कुलूप! आणि भाऊसाहेबांना फोन करायचा सगळ्यांना संकोच. तेव्हा राधाताई पुढे आल्या. राधाताई म्हणजे खिडकीजवळच्या टेबलावर बसून बोर्डावर भाग डाख देऊन जोडणारी सोल्डरिंगची गन हातात धरणाऱ्या, बरेलीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, “इसमें क्या है साहब, मैं टाँगें क्रॉस कर दूँगी।”

तेव्हापासून राधाताई, पाय एकमेकांना लागू नयेत म्हणून, त्या भागाच्या एका पायात बारीक प्लास्टिकची नळी घालत, दोन पायांना पीळ देऊन त्यांच्या जागा बदलत आणि मग तो बोर्डावर बसवत. बोर्ड उत्तम चालत. चार दिवसांची सोय म्हणून सुरू झालेलं हे काम चार वर्षं चाललं. कुणी ते कुठेही लिहून ठेवलं नाही. चूक माझ्या पोटात होती आणि तिचं उत्तर राधाताईंच्या बोटांत. दर वेळी तो भाग कुणी माझ्यातून उचलला की मला ओरडून सांगावंसं वाटे. पण आम्हाला वाचा कुठे असते?

सहा महिन्यांपूर्वी उत्तरा कंपनीत आली. तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे ती दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्येच लहानाची मोठी झाली. रोज मजेंटा लाइनच्या मेट्रोने यायची, लॅपटॉप उघडायची आणि मला नीट बघून मगच कामाला लागायची. म्हणून मला ती आवडायची. तिच्याकडे काम आलं ते नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पाळण्याच्या बोर्डाचं. एका जिल्हा रुग्णालयाला असे चाळीस पाळणे जायचे होते. बाळाचं अंग जास्त तापलं, तर पाळण्यातला भोंगा वाजवायचं काम ज्या भागाचं, तो नेमका आमचा तीन पायांचा हरभरा! उत्तराने तो विश्वासाने माझ्यातून घेतला. भाऊसाहेबांची लायब्ररी, तिच्यात चूक कशी असेल?

त्यातच राधाताईंनी नोकरी सोडायचं ठरवलं. त्या लेकीकडे बरेलीला राहायला चालल्या होत्या. म्हणून हे चाळीस बोर्ड दुसऱ्या मोठ्या कारखान्यात यंत्रावर जोडायचे ठरले. यंत्र काही पीळ देत नाही. ते पाय सरळ घालतं आणि पुढचा बोर्ड घेतं. सोमवारी सकाळी चित्र कारखान्यात पाठवायचं होतं.

शनिवारी दुपारी राधाताईंचा निरोपसमारंभ झाला. समोसे होते, तिळगुळाची गजक होती, अंशुमन यांनी शाल दिली. सगळे काहीबाही बोलले. राधाताईंना बोलायला सांगितलं, तर त्यांना रडू फुटलं. डोळे पुसत त्या उत्तराला म्हणाल्या, “बिटिया, बस एक चिंता है। अब मेरा क्रॉस कौन लगाएगा?”

उत्तराचा समोसा हातातच राहिला. “कौन सा क्रॉस, दीदी?”

“अरे, वही तीन टाँग वाला। हर बोर्ड में तो लगाती हूँ।”

राधाताईंनी खिडकीजवळ नेऊन तिला दाखवलं. मग उत्तराने एका बोर्डावर तोच भाग मुद्दाम सरळ पायांनी बसवला. भोंगा अगदी बारीक, आजारी मांजरासारखा वाजला. घाईच्या तपासणीत तो ‘वाजला’ म्हणून सहज खपून गेला असता. जरा वेळ चालू ठेवल्यावर मात्र तो गप्पच झाला. अशा चाळीस पाळण्यांत चाळीस बाळं निजली असती.

अंशुमन धावत आले. “मुझे पता था क्रॉस होता है... यार, मैं भूल ही गया। आदत हो गई थी।” मग एकदम म्हणाले, “तोड़ दो लॉक। कोई सॉफ्टवेअरवाला बुलाओ।”

“सर, लॉक तोड़ेंगे तो इससे जुड़े पुराने सारे ड्रॉइंग भी हिल जाएँगे,” उत्तरा म्हणाली. “पहले भाऊसाहब से पूछ तो लें।”

रविवारी ती लॅपटॉप घेऊन मयूर विहारला भाऊसाहेबांच्या घरी गेली. अर्थात मीही गेले. दहा वर्षांनी मला ते दिसणार होते! लॅपटॉप उघडला तेव्हा बाल्कनीत ऊन होतं, आणि भाऊसाहेब पुढ्यात मटारचा ढीग घेऊन शेंगा सोलत बसले होते. केस पार पांढरे झाले होते. चष्म्यावरून बघायची सवय तीच.

“काका, मला पासवर्ड हवाय,” उत्तराने सगळी हकिकत सांगून म्हटलं.

भाऊसाहेबांनी सोललेले दाणे ताटात टाकले. “पासवर्ड? अगं, तो मला कुठला आठवायला!”

मग एकामागून एक प्रयत्न झाले. जुन्या स्कूटरचा नंबर घातला. लग्नाची तारीख घातली. “ती तरी बरोबर सांगितलीत का?” असं आतून भाऊसाहेबांच्या पत्नी अलकनंदाकाकूंनी विचारलं. काही उपयोग झाला नाही. कुलूप हूं की चूं करेना. उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, उद्या सकाळी फाइल जायचीये. लहान बाळांचं काम आहे हो.”

भाऊसाहेब शेंगा बाजूला सारून तिच्याकडे बघायला लागले. “पण बेटा, तुला कुलूप उघडायचंय कशाला?”

“भाग बदलायचाय ना.”

“मग नक्कल काढ की! तो एक भाग हिच्यातून कॉपी कर, स्वतःची वेगळी लायब्ररी बनव, तिच्यात ठेव आणि हवा तसा बदल. कुलूप बदलायला आहे, नक्कल करायला कुठाय? मी स्वतः तेच करायचो, बिल्कुल दर कामाला. मूळ हिच्यात शाबूत आणि कामापुरती नक्कल वेगळी. वर नाव, तारीख आणि कारण लिहायचं.” मग हळूच म्हणाले, “हे मी जाताना कुणाला सांगितलं नव्हतं का?”

उत्तराने नकारार्थी मान हलवली.

“मग चूक माझी. कुलूप देऊन आलो आणि रीत सांगायची राहिली.” “त्या राधाने चार वर्षं माझी चूक निस्तरली म्हणायची.”

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि मित्रांनो, सर्वांत जास्त शरम मला वाटली. नक्कल करायची वाट तर माझ्यातच होती. पण भाऊसाहेब गेल्यापासून कुणी ती चोखाळली नव्हती, आणि मी मात्र कुलपाच्या तोऱ्यात बसले होते.

उत्तराने माझ्यातला तो तीन पायांचा भाग निवडला आणि नक्कल काढली. दहा वर्षांत माझी सवय मोडली होती; मला वाटलं, आता माझ्यातून काहीतरी ओढून नेतील, दुखेल. काहीच झालं नाही. माझा भाग माझ्या जागी होता आणि तसाच दुसरा बाहेर ऊन खात उभा होता. उत्तराने त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या पायाची कामं बदलली. भाऊसाहेबांनी जुन्या सवयीने चित्र कागदावर छापायला लावलं, खिशातून आणलेला खरा भाग उत्तराने त्यावर ठेवला आणि दोघांनी एकेक पाय बोट ठेवून तपासला. मग तिने नव्या छोट्या लायब्ररीला नाव दिलं, ‘राधा’. खाली लिहिलं: ‘नव्या कारखान्याच्या भागासाठी. पाय सरळ घालावेत. चार वर्षं हे काम राधा दीदींच्या हातांनी केलं.’ पुढे तारीख आणि स्वतःचं नाव.

पाळण्याच्या चित्रात माझा भाग निघाला आणि तो नवा भाग बसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. चार वर्षांत पहिल्यांदाच त्या हरभऱ्याकडे कुणी बघितलं तर मला भीती वाटणार नव्हती. अलकनंदाकाकूंनी उत्तराला सोललेले मटार बांधून दिले. “पासवर्ड नाही तर नाही, हे तरी घेऊन जा,” म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी बोर्ड तयार होऊन आले. उत्तराने पहिला जोडला आणि तापमान वाढवलं. भोंगा असा काही कोकलला की अंशुमन यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि तसेच हसत सुटले. तिने तो अर्धा तास वाजत ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. चाळिसावा वाजल्यावर तिने बरेलीला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा त्या छोट्या भागावर धरला.

राधाताईंनी चष्मा लावून पाहिलं. “सीधा लगा है,” त्या घाबरून म्हणाल्या. “बिटिया, सीधा क्यों लगाया?”

“अब सीधा ही लगेगा, दीदी। सुनो।” आणि तिने भोंगा वाजवला.

राधाताईंनी शेवटपर्यंत ऐकला. मग स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं उघडून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. “रोज सोचती थी, कोई भूल गया तो?” त्या म्हणाल्या. “चलो। अब मेरी छुट्टी हुई।”

मित्रांनो, मी अजून तिथेच आहे आणि माझं कुलूपही तसंच आहे. पण आता माझ्या शेजारी ‘राधा’ राहते, तो तीन पायांचा हरभरा सगळे तिच्यातूनच घेतात आणि माझ्याकडे रोज कुणी ना कुणी नक्कल मागायला येतं. मला त्याचं फार सुख आहे. तुमच्या घरात, शाळेत, कामात असं एखादं कुलूप असेल, तर ते फोडू नका आणि त्याला भिऊन गप्पही बसू नका. ज्याने घातलं त्याला जाऊन विचारा. आणि कुणीतरी गुपचूप तुमच्या चुकीला रोज पीळ घालून ती सांभाळत असेल, तर ते माणूस निरोपाचा समोसा खाण्याआधीच त्याच्या टेबलापाशी जाऊन बसा. त्याला विचारा, आणि ते सांगेल ते लिहून घ्या, त्याच्या नावासकट.